खवळलेल्या समुद्रात जहाज टिकतं कसं?

आठवीच्या विज्ञानात 'बल व दाब' शिकवताना आर्किमिडीज आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. लोखंडाचं जहाज तरंगतं हे कळलं, पण मग वादळात ते उलटतं का? आणि सगळीच का उलटत नाहीत? पुस्तकात याचं उत्तर नाही, म्हणून हा लेख.

आधी घरी एक प्रयोग करा. परातीत दोन बोटं पाणी घेऊन चालून बघा. पाणी एका कडेला धावतं, परात तिकडे कलते, मग आणखी पाणी तिकडेच जातं. आता तेच पाणी चार-पाच वाट्यांत घालून वाट्या परातीत ठेवा. पाणी तेवढंच, पण परात सांभाळता येते. जहाजात पाणी शिरतं तेव्हा पाण्याच्या वजनापेक्षा त्याचं असं इकडून तिकडे धावणं जास्त घातक असतं. म्हणून जहाजाच्या पोटात आडव्या-उभ्या भिंती घालून वेगवेगळे कप्पे करतात. वादळाची खबर आली की खलाशी आधी झाकणं आणि दारं घट्ट बंद करतात, माल दोरखंडांनी आवळून बांधतात. एक सुटलेला कंटेनरसुद्धा परातीतल्या पाण्यासारखाच वागतो!

आता मुख्य मुद्दा. जहाज एका बाजूला कललं की ती बाजू पाण्यात जास्त बुडते आणि पाणी तिथून जास्त जोर लावून वर ढकलतं. त्यामुळे जहाज पुन्हा सरळ होतं. कितीही पाडली तरी उठून बसणारी बाहुली असते ना, तिच्या बुडाशी वजन असतं. जहाजाचंही तसंच. वजन जितकं खाली, तितकं ते लवकर सावरतं. रिकाम्या जहाजाच्या तळटाक्यांत मुद्दाम समुद्राचं पाणी भरतात ते यासाठीच. मात्र या टाक्या काठोकाठ भरायच्या, अर्धवट ठेवल्या की पुन्हा परात.

वजन वर गेलं किंवा एका बाजूला धावलं तर काय होतं, ते आपल्या किनाऱ्याने पाहिलं आहे. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी समुद्र, अमावास्येच्या सुमाराचे दिवस, गावी निघालेल्या माणसांनी बोट खच्चून भरलेली. वाटेत मोठ्या लाटेने बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि पुढच्या काही क्षणांत ती उलटली. सहाशेपेक्षा जास्त माणसं गेली. पोहत किनारा गाठणाऱ्यांमुळे मुंबईला बातमी कळली, कारण बोटीवर बिनतारी संदेशयंत्रच नव्हतं. लाट आली, पण माणसं जागेवर बसून राहिली असती तर? नक्की कोणीच सांगू शकत नाही. पण आजही लाँचमध्ये बसलात आणि ती कलली, तर उठून पळू नका, एवढं मात्र मी वर्गात दरवर्षी सांगतो.

मग कप्तान काय करतो? लाट जहाजाच्या कुशीवर आडवी आली की ते भयंकर डोलतं. म्हणून तो जहाजाचं पुढचं टोक लाटेकडे, जरासं तिरकं ठेवतो आणि वेग कमी करतो, पण इंजिन बंद करत नाही. इंजिन बंद पडलं की सुकाणू निकामी, आणि जहाज आपोआप लाटांना आडवं होतं. वादळात इंजिन बंद पडण्याची खलाशांना एवढी धास्ती का, हे आता लक्षात येईल.

चक्रीवादळाची एक गंमत सांगतो, भूगोलाच्या तासाला उपयोगी पडेल. आपल्या गोलार्धात त्याचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड केलं, तर उजव्या बाजूला फिरणारा वारा आणि वादळाची स्वतःची चाल यांची बेरीज होते. डाव्या बाजूला वजाबाकी. म्हणून उजवी बाजू जास्त धोक्याची. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे गेलं तेव्हा मुंबईची बाजू ही उजवी बाजू होती.

त्याच वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा बार्ज होता. त्यावर २६१ माणसं. बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं, सगळी भिस्त नांगरांवर. नांगर सुटले, बार्ज भरकटला, एका तेलफलाटावर आपटला आणि १७ मेला बुडाला. टोक लाटेकडे वळवायची सोयच नव्हती! नौदलाने त्यातल्या १८६ जणांना वाचवलं. ही माणसं लाइफ जॅकेट घालून, एकमेकांचे हात धरून तासन्‌तास पाण्यात तरंगत होती. घोळका करून राहिलं की शरीराची ऊब कमी जाते आणि शोधणाऱ्यांना काळ्या पाण्यात एकटं डोकं दिसणार नाही, पण घोळका दिसतो. मे महिन्यातला अरबी समुद्र कोमट असतो, त्याचाही फायदा झाला. उत्तर अटलांटिकच्या बर्फासारख्या पाण्यात एवढा वेळ कोणी काढू शकलं नसतं.