जुन्या मोटारीस तेल कोणतें घालावें?

कण्यास वंगण न घालतां बैलगाडी जुंपणारा कास्तकार आपल्या वऱ्हाडांत सांपडावयाचा नाहीं. परंतु दारांतील जुन्या मोटारीसाठीं मात्र दुकानदार देईल तें तेल आपण निमूटपणें आणतों. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही ही चूक घडली. जुन्या पेट्रोल ॲम्बॅसिडरमध्यें नव्या मोटारींसाठीं केलेलें महाग व पातळ तेल भरून आम्ही वैशाखांत बडनेऱ्याहून अकोल्यास निघालों. मूर्तिजापूरच्या पुढें तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला. तरीही गाडी तशीच हांकली. बेअरिंगें झिजून इंजिन उघडावें लागलें, आणि बियाण्यासाठीं ठेविलेली रक्कम त्यांत गेली.

दोष तेलाचा नव्हता, निवडीचा होता. डब्यावरील आंकडे म्हणजे तेलाचा सातबारा होय. तो वाचल्यावांचून व्यवहार करूं नये. ‘२०-डब्ल्यू-५०’ यांतील पहिला आंकडा थंडींतील वाहतेपणाचा. तो जितका लहान, तितकें तेल थंडींत पातळ. दुसरा १०० अंश सेल्सियस उष्णतेस टिकणाऱ्या दाटपणाचा. तो जितका मोठा, तितकें तेल दाट. ‘०-डब्ल्यू-२०’ हें तेल अरुंद फटींच्या नव्या इंजिनांसाठीं आहे. जुन्या इंजिनांत झिजेनें फटी रुंदावतात. पातळ तेल त्यांतून निसटतें व दाब उतरतो. शिवाय आपला उन्हाळा ४५ अंशांवर जातो. म्हणून जुन्या ठेवणीच्या पेट्रोल इंजिनास २०-डब्ल्यू-४० किंवा २०-डब्ल्यू-५० मानवतें. तथापि कारखान्याचें पुस्तक हातीं असल्यास तेंच पहिलें प्रमाण मानावें.

यापुढें वर्ग पाहावा. ‘एस’ अक्षरानें आरंभ होणारा वर्ग पेट्रोल इंजिनाचा, ‘सी’चा डिझेलचा. जस्त व स्फुरद आपण खतांमुळें ओळखतों. तेलांत तींच द्रव्यें धातूची झीज वांचवितात. परंतु धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रास स्फुरद बाधतो. म्हणून २००४ च्या ‘एस-एम’ वर्गापासून पातळ जातींच्या तेलांत त्याचें प्रमाण आणखी कमी करण्यांत आलें. जुन्या इंजिनास पातळ तेल न घालण्याचें हेंही एक कारण आहे.

तेलाची पट्टी सपाट जागीं, सकाळीं, इंजिन सुरू करण्यापूर्वीं पाहावी. गाडी थोडी चालली तरी वर्षांतून एकदां, शक्यतों मृगापूर्वीं, तेल बदलावें. काढलेलें काळें तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतूं नये. त्यानें माती व पाणी दोन्ही नासतात. आणि तांबडा दिवा लागतांच इंजिन बंद करावें. चार पावलें चालण्याचा त्रास इंजिन उघडण्याहून स्वस्त पडतो.