वाळू चहाडी करते

ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालात, की तळव्यांना लगेच कळतं: ही वाळू सपाट नाही. पन्हाळी पत्रा अंथरावा तशा वळ्याच वळ्या! घोडागाडीतून गेलात तर ही मजा चुकली. चपला हातात घ्या.

आता खाली बसा आणि एका वळीवरून आडवं बोट फिरवा. दोन्ही उतार सारखे आणि माथा टोकदार लागला, तर काम लाटांचं. तळाशी पाणी पुढे-मागे झोके घेतं, माथ्याच्या दोन्ही अंगांना आळीपाळीने भोवरे धरतं आणि वाळू दोन्हीकडून सारखीच वर सारतं. एक उतार आळशी आणि दुसरा खडा लागला, तर काम एकाच दिशेने वाहून गेलेल्या पाण्याचं. वाळूचे कण सावकाश चढण चढतात, माथ्यावर पोचले की पलीकडे घसरगुंडी. असं करत करत अख्खी वळीच पुढे सरकते. खडा उतार ज्या बाजूला, पाणी तिकडे गेलं. वाळूच्या पोटात काही राहत नाही! भरतीबद्दल मात्र विचारू नका. तिचं लिखाण ओहोटीने जाता जाता बहुधा खोडलेलं असतं.

पाणी जितकं जोरात, तितकी नक्षी ठसठशीत? उलट. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की वळ्या पुसून वाळू सपाट होते. लाट जिथे चढते आणि सर्रकन परतते, तो पट्टा म्हणूनच क्रिकेट खेळण्याजोगा गुळगुळीत. भरड वाळूलाही ही कला जमत नाही. कण साधारण ०.७ मिलिमीटरहून मोठे झाले, की प्रवाहाला त्यांच्या अशा बारीक वळ्या घडवता येत नाहीत.

माझी आवडती नक्षी शिडीची. दोन वळ्यांमधल्या पन्हळीत उरलेलं पाणी समुद्राकडे निसटताना तिथे इवल्या आडव्या वळ्या काढून जातं; झाल्या पायऱ्या तयार. दोन दिशांच्या लाटा एकमेकींना छेदतात तिथे पोळ्यासारखे खण पडतात. खडकात उमटलेले असे खण पाहून एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकी भूवैज्ञानिकाला ती बेडूकमाशांची घरटी वाटली होती!

या वळ्यांच्या मागे हात धुऊन लागलेली बाई म्हणजे हर्था एर्टन. नवऱ्याच्या आजारपणामुळे १९०१ मध्ये इंग्लंडमधल्या मार्गेटच्या किनाऱ्यावर मुक्काम पडला, तेव्हा वाळू पाहून तिचं कुतूहल चाळवलं. मग पाण्याच्या टाक्या हलवून हलवून तिने भोवरे पकडले. १९०२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी तिचं नाव सुचवलं गेलं, तर उत्तर आलं: विवाहित स्त्री नियमात बसत नाही. १९०४ मध्ये त्याच सोसायटीत तिने वाळूच्या वळ्यांवरचा निबंध स्वतः वाचला. स्वतःचा निबंध तिथे वाचणारी ती पहिली स्त्री. १९०६ मध्ये सोसायटीने ह्यूज पदकही दिलं, सदस्यत्व मात्र कधीच नाही. पुढे पहिल्या महायुद्धात भोवऱ्यांचीच अक्कल वापरून तिने खंदकातला विषारी वायू हाकलायचा हातपंखा बनवला. असे लाखभर पंखे आघाडीवर गेले.

वळ्या दगडातही टिकतात. विंध्य पर्वतातल्या वालुकाश्मात त्या आहेतच. मंगळावर क्युरिऑसिटी गाडीलाही लाटांनी पाडलेल्या वळ्या खडकात सापडल्या. म्हणजे तिथे कधीकाळी उथळ तळं होतं आणि त्यावर वारा वाहत होता.

पण मंगळ लांब, अलिबाग जवळ. जायचं कधी? कोकणातला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भांग, पाणी फार मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण गाठा: पाणी लांबवर ओसरतं, तेही संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास. उन्हं तिरपी असतात, वळीवळीला सावली पडते. फक्त बघता बघता किल्ल्यात रमू नका. पाणी भरलं, तर परतीची ओहोटी थेट पहाटे.