मेश नेटवर्कमधली गर्दी

मेश नेटवर्कमधला प्रत्येक नोड स्वतःचे पॅकेट पाठवतो आणि शेजारच्याचेही पुढे पोहोचवतो. केबल येते ती गेटवेपर्यंतच. पुढचा प्रवास नोडमागून नोड, हवेतून होतो. पुणे महापालिकेने २००६ मध्ये इंटेलच्या सहकार्याने ‘अनवायर पुणे’ योजना हाती घेतली, ती शहरभर बिनतारी इंटरनेट पोहोचवण्यासाठी. दाट वस्तीत असे जाळे चालवायचे, तर पल्ल्याइतकाच विचार गर्दीचा करावा लागतो.

एका चॅनलवर, एकमेकांच्या पल्ल्यातल्या नोडपैकी एका वेळी एकानेच बोलायचे असते. गेटवे तीन टप्पे दूर असेल, तर तेच पॅकेट तीनदा हवेत जाते. ६० मेगाबिटच्या दुव्यातून शेवटच्या नोडला जेमतेम २० मिळतात. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये गणिताने दाखवले, की नोड वाढतात तसा प्रत्येकाचा वाटा घटतो. म्हणून नुसते नोड वाढवून वेग वाढत नाही.

पहिला उपाय चॅनलची वाटणी. पेठांमध्ये घरोघरचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर असतात आणि तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. मधलाच ३ किंवा ८ निवडला, तर दोन्हीकडचा गोंगाट पदरी पडतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतात ५ गिगाहर्ट्झमधले ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले. त्यामुळे नोडमधले दुवे ५ वर आणि जुनी उपकरणे २.४ वर ठेवता येतात. मात्र ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना वाड्याच्या जाड भिंती आणि इमारतींचे आरसीसी स्लॅब लवकर अडवतात. म्हणून नोड गच्चीवर, एकमेकांना दिसतील असे बसवतात.

दुसरा उपाय मार्गाची निवड. मेशसाठीचे २०११ चे ८०२.११एस मानक टप्पे मोजत बसत नाही. पॅकेट हवा किती वेळ अडवते, ते पाहते. एका अशक्त दुव्यापेक्षा दोन भक्कम दुवे त्यात स्वस्त ठरतात.

तिसरा उपाय रांगेची शिस्त. १० मेगाबिटच्या दुव्यामागे १ मेगाबाइट साचले, तर शेवटच्या पॅकेटला ०.८ सेकंद थांबावे लागते. गेटवेला पिंग चालू ठेवून मोठी फाइल उतरवायला लावली, की आकडे चढताना दिसतात. त्याच वेळी चाललेला कॉल अडखळतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांची २०१२ ची कोडेल पद्धत पॅकेटला रांगेत किती थांबावे लागले, ते मोजते. ही प्रतीक्षा १०० मिलिसेकंद सलग ५ मिलिसेकंदांच्या वर राहिली, की कोडेल एखादे पॅकेट टाकून देते आणि पाठवणारा वेग उतरवतो. एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, म्हणून व्हिडिओमागे कॉल अडकत नाही. यासाठी रांग आपल्याच गेटवेत लागायला हवी. म्हणून तिथली वेगमर्यादा केबलच्या वेगाहून थोडी कमी ठेवतात.

एवढे करूनही टोकाचे नोड उपाशी राहिले, तर त्या टोकाला वेगळ्या चॅनलवर दुसरा गेटवे बसवतात. टप्पे कमी होतात आणि हवेचा तेवढा वेळ सगळ्यांसाठी मोकळा होतो.