नोझलची सफाई



वरवंडजवळच्या आपल्या वस्तीवरचे पाण्याचे डिझेल इंजिन काळा धूर सोडू लागले. इंजेक्टर उतरवून मी पंप-नोझलच्या कारागिराकडे नेला. सोबत वस्तीतला शिकाऊ मुलगा होता.

नोझल सिलिंडरमध्ये डिझेलचा बारीक फवारा मारते. तोंडाशी काजळी धरली की फवाऱ्याऐवजी थेंब पडतात, ते पुरते जळत नाहीत, म्हणून धूर होतो. कारागिराने नोझल स्वच्छ डिझेलमध्ये भिजवले, पितळी ब्रशने काजळी काढली, भोके बारीक तारेने मोकळी केली. नोझलची सुई आणि तिचे घर ही जोडी असते. एकाची सुई दुसऱ्यात घालायची नाही.

टेस्टरवर फवारा पाहताना मुलाने तळहात पुढे केला. कारागिराने तो झटकन मागे ओढला. हा दाब साधारण २०० बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. डिझेल कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवावे लागू शकते. अशा वेळी घरी न थांबता लगेच मोठा दवाखाना गाठावा.

शेवटी फवारा धुक्यासारखा आला. तांब्याचा नवा वायसर घालून इंजेक्टर बसवला आणि वस्तीला पाणी मिळाले.

या मुलांसाठी आपण हत्यारे पाठवता. यापुढे सोबत डोळ्यांचा चष्मा पाठवा, आणि ही ताकीदही.