‘नको’ म्हणायची सोय

बोलता न येणाऱ्या मुलासाठी घरात चित्रांचा तक्ता करायला घेतला, की त्यावर आधी पाणी, जेवण आणि शू ही चित्रं चिकटवली जातात. गरजेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण अशा तक्त्यावरून मुलाला फक्त मागता येतं. ताटातली भाजी आवडली नाही, पंखा कमी करा, तेच गाणं पुन्हा लावा, हे सांगायला त्यावर जागाच नसते.

पवईच्या आयआयटी मुंबईत, तिथल्या ‘आयडीसी’ या डिझाइन विभागात, प्रा. रवी पूवैया आणि डॉ. अजंता सेन यांच्या गटाने तयार केलेलं ‘जेलो’ हे मोफत ॲप याच अडचणीला हात घालतं. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता यांसारख्या कारणांनी ज्यांना बोलता येत नाही किंवा फार थोडं बोलता येतं, त्यांच्यासाठी ते आहे. पडद्यावर खाणं, खेळ, माणसं, ठिकाणं यांची चित्रं असतात आणि दोन्ही कडांना सहा बटणं : आवडतं-आवडत नाही, हो-नाही, अजून-कमी. चित्र निवडून बटण दाबलं, की ॲप वाक्य बोलून दाखवतं, मराठीतही. एका चित्रातून सहा वेगवेगळी मतं निघतात.

बोट नेमकं टेकवता येत नसेल, तर स्कॅनिंगची पद्धत वापरतात. ३६ चौकोनांच्या पडद्यावर आधी एकेक ओळ उजळत जाते. हवी ती ओळ आली, की मूल डोक्याने किंवा पायाने एक मोठं बटण दाबतं. मग त्या ओळीतले चौकोन एकेक करून उजळतात. त्यामुळे ३६ऐवजी जास्तीत जास्त १२ टप्प्यांत हवं ते चित्र मिळतं. हातपाय अजिबात साथ देत नसतील, तर नजर टिपणारी यंत्रं आहेत. डोळ्यावर पडलेल्या अवरक्त प्रकाशाचं प्रतिबिंब कॅमेरा पाहतो आणि नजर कुठल्या चौकोनावर थांबली ते ठरवतो.

‘यंत्राची सवय लागली तर तोंडाने बोलायचंच राहील,’ ही पालकांची मोठी धास्ती. २००६मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी अशा पर्यायी संवादपद्धतींवरचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले. भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी ८९ टक्क्यांचं बोलणं वाढलं होतं. कमी कोणाचंच झालं नव्हतं.

खरी अडचण वेगाची आहे. आपण मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो. अशा साधनांवर अनेकांचे पंधराही होत नाहीत. त्यामुळे समोरच्याने घाई करून वाक्य पुरं करायचं नाही, थांबायचं. मुंबईच्या मालिनी छिब यांनी ‘वन लिटल फिंगर’ हे २०१०मध्ये आलेलं आत्मकथन एका बोटाने टंकून लिहिलं. वेळ मिळाला, तर पुस्तकही होतं. शिवाय पालक-शिक्षकांनी स्वतः बोलताना त्याच चित्रांवर बोट ठेवलं, तर मूल ती भाषा लवकर उचलतं.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ने संवादाच्या व्याख्येत अशा पर्यायी पद्धतींचाही समावेश केला आहे. त्यामुळे थेरपीचा तास संपला, की टॅब्लेट कपाटात ठेवायची पद्धत आता सुटायला हवी. वर्गात, जेवताना, भावंडांशी भांडताना, अगदी उलट उत्तर द्यायलासुद्धा तो मुलाच्या हाताशी हवा.