विंचरा, भादरू नका

मार्च लागला की पुण्या-मुंबईतल्या ग्रूमरांकडे एकच मागणी सुरू होते : "उकाडा वाढलाय, याला झिरो मारून टाका." समोर टेबलावर हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, चाऊ चाऊ नाहीतर पांढराशुभ्र स्पिट्झ उभा असतो. घरात सोफ्याखाली, पंख्याच्या पात्यांवर, धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर केसच केस झालेले असतात. मागणी काळजीपोटीच असते. पण दाट कोटाच्या कुत्र्याच्या बाबतीत ही काळजी भलत्या जागी खर्च होते आणि त्याची किंमत कुत्रा पुढे कित्येक महिने मोजतो.

या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब, राठ, पाणी आणि धूळ झटकून टाकणारे. त्यांच्याखाली, कातडीलगत, मऊ आणि दाट लोकरीसारखा अंडरकोट. वरचा थर ऊन, पाऊस, काटेकुटे अडवतो. खालचा थर हवा धरून ठेवतो. ऋतू पालटताना अंडरकोट मुळापासून सुटतो आणि पुंजक्या-पुंजक्यांनी बाहेर पडू लागतो. सुटलेला केस काढून घ्यायचा आणि मुळाशी घट्ट असलेला केस अंगावर राहू द्यायचा, एवढं सूत्र लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

गैरसमज : उन्हाळ्यात केस भादरले की कुत्र्याला गार वाटतं.

वस्तुस्थिती : आपण घामाने थंड होतो, म्हणून उघडी कातडी आपल्याला सुखावते. कुत्र्याच्या शरीराची रीत वेगळी आहे. अंग गार करण्याच्या कामी येणारा घाम त्याला पंजांच्या गाद्यांवर येतो, आणि तोही थोडाच. तो उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः धापा टाकून. जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर अंगातली उष्णता निघून जाते. त्यामुळे पाठ उघडी केल्याने घामाचा म्हणून जो फायदा आपल्याला होतो, तो त्याला होत नाही.

तोटा मात्र होतो. वरचे केस गेले की ऊन थेट कातडीवर पडतं. कुत्र्याच्या कातडीचा बाहेरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो. गोऱ्या कातडीच्या, पांढऱ्या केसांच्या कुत्र्यांना तर उन्हाने चटके बसून कातडी लाल होते. उष्णता खरी कोंडते ती सुटलेला अंडरकोट अंगातच गच्च बसून राहतो तेव्हा. तो विंचरून काढला की वरच्या केसांची सावली राहते आणि कातडीपर्यंत वाराही पोहोचतो.

यालाही अपवाद आहेत. पूडल आणि शिह त्झू यांचे केस दीर्घकाळ वाढत राहतात, ते वेळोवेळी कापावेच लागतात. शस्त्रक्रिया, कातडीचा आजार किंवा सोडवताच येणार नाहीत अशा जटा असतील, तर दाट कोटाच्या कुत्र्याचेही केस काढावे लागतात. तो निर्णय पशुवैद्याच्या सल्ल्याने घ्यावा, उकाड्याच्या वैतागाने नव्हे.

गैरसमज : कापले तरी काय बिघडलं? दोन महिन्यांत पूर्वीसारखे येतील.

वस्तुस्थिती : केस वाढतो, थांबतो, विसावतो आणि गळतो, मग त्याच मुळातून नवा उगवतो. थंड प्रदेशातल्या जातींमध्ये बहुतांश केस या विसाव्याच्या अवस्थेतच असतात. वरून यंत्र फिरवलं म्हणून मूळ जागं होत नाही. हस्की, मालाम्यूट, सामोयेड, चाऊ चाऊ आणि पॉमेरेनियन यांच्यात कापल्या जागी केस महिनोन्महिने न येण्याचा प्रकार पशुवैद्यांना चांगला परिचित आहे. पूर्ववत व्हायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं, कधी त्याहूनही जास्त.

केस आले तरी दोन्ही थर एकाच वेगाने येत नाहीत. अंडरकोट आधी येतो, वरचे केस मागे रेंगाळतात. मग कोट लोकरी, मळ धरणारा आणि गुंता होणारा बनतो. ज्या त्रासातून सुटण्यासाठी कापले, तो त्रास वाढूनच परत येतो.

गैरसमज : कोट राखला की उन्हाची चिंता मिटली.

वस्तुस्थिती : ही दुसऱ्या टोकाची चूक, आणि ती जिवावर बेतू शकते. कोट ऊन अडवतो, अंगात तयार झालेली उष्णता बाहेर काढत नाही. ते काम धापांचं आहे, आणि हवेत दमटपणा असेल तर वाफ नीट होत नाही. म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हाइतकाच मुंबईचा आणि कोकणाचा मे महिना दाट कोटाच्या कुत्र्याला जड जातो, पारा तिथे कमी असला तरी.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. ते 104 च्या वर गेलं की धोका सुरू होतो; 106 च्या पुढे अवयवांना इजा होऊ लागते. धापा थांबत नाहीत, लाळ दाट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, चाल अडखळते, उलटी होते. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर साधं गार पाणी ओतायला लागा, पंखा लावा आणि त्याच पावली दवाखाना गाठा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका. तो थोड्याच वेळात कोमट होऊन उष्णता कोंडतो. मुळात फिरणं सकाळी लवकर आणि रात्री उशिरा ठेवावं, पाणी कायम समोर असावं आणि बंद गाडीत कुत्र्याला मिनिटभरही सोडू नये.

गैरसमज : केस उकाड्याने गळतात, एसी लावला की थांबतील.

वस्तुस्थिती : कोट बदलण्याचा मुख्य इशारा दिवसाच्या लांबीतून मिळतो. उजेडाच्या तासांनुसार मेंदूत मेलाटोनिनचं प्रमाण कमी-जास्त होतं आणि इतर संप्रेरकांबरोबर ते केसांच्या चक्राला दिशा देतं. तापमानाचा वाटा असतो, पण दुय्यम.

हस्कीचे पूर्वज ईशान्य सायबेरियात चुकची लोकांनी बर्फावर गाड्या ओढायला वाढवले. त्या उत्तरेत जूनमध्ये सूर्य जेमतेम मावळतो आणि डिसेंबरमध्ये दिवस नावापुरता उरतो. पुण्यात मात्र जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा. फरक दोन-सव्वादोन तासांचा, त्यात घरात रात्री उशिरापर्यंत दिवे. कुत्र्याच्या शरीराला मिळणारा इशारा इथे पुसट होतो. म्हणून आपल्याकडे अनेक कुत्र्यांचे केस वर्षभर थोडे थोडे गळतात आणि ऋतू बदलताना त्यात भर पडते. एसी कुत्र्याला आराम देतो, जरूर लावा. पण केसगळती थांबावी म्हणून लावू नका. हे गळणं थांबवणारं कुठलंही औषध नाही आणि त्याची गरजही नाही.

गैरसमज : जेवणात मीठ गेलं की केस गळतात, अंडं उष्ण पडतं.

वस्तुस्थिती : हे दोन समज महाराष्ट्रात जवळपास घरोघरी ऐकू येतात. सोडियम कुत्र्याच्या शरीरालाही लागतं, आणि पाकीटबंद खाद्यावरची यादी वाचली तर त्यातही बहुधा मीठ सापडतं. माफक मिठाने केस गळत नाहीत. मसालेदार आमटी, फरसाण, लोणचं द्यायचं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत. जास्त मिठाने तहान, उलट्या होतात, हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते घातक ठरतं आणि फोडणीतला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना विषारी असतो.

अंड्याची गोष्ट तर उलटी आहे. केस मुख्यतः प्रथिनांचे बनलेले असतात आणि शिजवलेलं अंडं हे उत्तम प्रथिन आहे. नुसत्या दूध-पोळीवर किंवा दहीभातावर वाढवलेल्या कुत्र्याचा कोट निस्तेज आणि विरळ होतो, तेव्हा कमतरता बहुधा प्रथिनांची आणि स्निग्धाम्लांची असते. अंडं उकडूनच द्यावं. कच्च्या पांढऱ्या बलकातला एक घटक बायोटिन शरीराला मिळू देत नाही. शिजवल्यावर ती अडचण उरत नाही.

गैरसमज : आखूड केसांचा कुत्रा घ्या, केसांची कटकट नको.

वस्तुस्थिती : लॅब्रॅडॉर हे याचं सर्वांत ठळक उत्तर. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यात कोळ्यांबरोबर काम करत. आखूड दिसणाऱ्या त्याच्या कोटाखाली भरगच्च अंडरकोट असतो. लांब केस जमिनीवर गोळा होतात आणि झाडूने निघतात. लॅबचे टोकदार आखूड केस सोफ्याच्या कापडात घुसून बसतात. त्यालाही नियमित ब्रश हवाच.

गैरसमज : वारंवार आंघोळ घातली की गळणं आटोक्यात येतं.

वस्तुस्थिती : आंघोळीने सुटलेले केस एकदम निघतात, म्हणून तसं वाटतं. निरोगी कुत्र्याला साधारण महिन्या-दीड महिन्याने आंघोळ पुरते. कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा कमी असते, त्यामुळे माणसांचा शाम्पू, अगदी बाळांचासुद्धा, तिला कोरडं करू शकतो. आंघोळीआधी विंचरणं आवश्यक, कारण गुंता ओला झाला की आवळून बसतो.

आंघोळीपेक्षा महत्त्वाचं आहे वाळवणं, आणि पावसाळ्यात तर तेच सर्वस्व. टॉवेलने पुसलेला कोट वरून कोरडा लागतो. शेपटीच्या मुळाशी, कानांच्या मागे आणि मानेच्या आयाळीत बोटं खोल घालून पाहा, तिथे कातडी अजून दमट असते. त्या ओलाव्यात बुरशी वाढते, आंबूस वास येतो, एका रात्रीत लालभडक चिघळलेला चट्टा उठतो. गच्च जटांखालच्या जखमेवर माशा अंडी घालतात आणि अळ्या पडतात. ब्लोअर गार किंवा कोमट हवेवर ठेवून कातडीपर्यंत वाळवावं.

गैरसमज : गोचीड झाले की भादरणं हाच उपाय.

वस्तुस्थिती : गोचीड भादरलेल्या कुत्र्यालाही चिकटतात. ते कानांच्या घडीत आणि पंजांच्या बोटांमध्ये दडतात, तिथे यंत्र पोहोचतही नाही. एर्लिकिया आणि बॅबेसियासारखे आजार त्यांच्यामुळेच पसरतात, त्यामुळे पशुवैद्याने वजन पाहून दिलेलं औषध नियमित चालू ठेवणं हाच खरा बंदोबस्त. रॉकेल लावू नये, टी ट्री तेल तर अजिबात नको. ती कुत्र्याला बाधतात.

गैरसमज : घरातल्यांना ऍलर्जी होते ती केसांची.

वस्तुस्थिती : ऍलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची, केस ती वाहून नेतात. 2012 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या जातींचे केस आणि घरं तपासली, तेव्हा 'ऍलर्जी न करणारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींबद्दलच्या दाव्याला आधार सापडला नाही. भादरल्याने प्रश्न सुटत नाही. ऍलर्जी नसलेल्या माणसाने गॅलरीत नेऊन विंचरल्याने आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्यूमने घर साफ केल्याने थोडा फरक पडतो.

गैरसमज : वरून ब्रश फिरवला की विंचरून झालं.

वस्तुस्थिती : वरचे केस चमकतात आणि खाली नमदा जमत जातो, असं कितीतरी गोल्डन रिट्रीव्हरांचं होतं. कुत्र्याला कुशीवर निजवा. मागच्या मांडीचे केस एका हाताने वर उचलून धरा, म्हणजे खाली कातडीची रेघ दिसेल. त्या रेघेपासून बाहेरच्या दिशेने स्लिकर ब्रश हलक्या हाताने ओढा. तेवढे केस मोकळे झाले की बोटभर वर दुसरी रेघ पाडा. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून फिरवा. तो अडेल तिथे गुंता आहे. कानांमागे, काखेत आणि हार्नेसच्या पट्ट्याखाली तो हमखास अडतो. गुंत्याची मुळं चिमटीत धरून टोकाकडून सोडवत या, म्हणजे कातडी ओढली जात नाही. कात्री लावू नका, कारण गुंत्यात कातडी वर ओढलेली असते आणि ती कापली जाते. अंडरकोट काढायची पात्याची साधनं बेतानेच वापरा. जोर लावला तर वरचे केसही तुटतात. केस सुटण्याच्या दिवसांत हे रोज करावं, एरवी आठवड्यातून दोनदा.

गैरसमज : केस गळतात म्हणजे ऋतूच असणार.

वस्तुस्थिती : ऋतूमानाने केस गळतात तेव्हा कातडी उघडी पडत नाही आणि खाजही सुटत नाही. टक्कल पडलेले चट्टे, लाली, खपल्या, दुर्गंधी, सतत चाटणं-खाजवणं दिसलं तर खरूज, बुरशी किंवा पिसवांची ऍलर्जी असू शकते. दोन्ही बाजूंनी सारखे केस विरळ होणं, वजन वाढणं आणि मरगळ ही थायरॉइडची खूण असू शकते. फार तहान लागून पोट सुटलं तर कुशिंग या संप्रेरकांच्या आजाराची तपासणी करावी. माद्यांचे केस व्यायल्यानंतर काही आठवड्यांनी भरपूर गळतात, ते मात्र स्वाभाविक आहे.

यंदा ग्रूमरकडे जाल तेव्हा नेमकं सांगा : आधी गुंता सोडवा, अंडरकोट काढा, मग आंघोळ घाला आणि कातडीपर्यंत वाळवा. पंजांमधले आणि शेपटीखालचे केस नीटनेटके करा, पण अंगावर मशीन चालवू नका. यापलीकडचं काम घरीच करायचं आहे आणि ते दुसऱ्या कुणाला देता येत नाही. कातडीवरची गाठ, चिकटलेला गोचीड, पिकू लागलेली जखम कुत्रा बोलून दाखवत नाही. नियमित मुळापर्यंत कंगवा घालणाऱ्या हाताला ती लवकर लागते, आणि तेव्हा उपचार सोपे असतात.