नाहींशा झालेल्या फिल्मा

वसईच्या किंवा आगाशीच्या एखाद्या जुन्या घरांत गेलें असतां भिंतीवरील तसबिरींकडे दृष्टि गेल्यावांचून राहत नाहीं. त्यांत घरांतील कोणा तरी वडील माणसांच्या लग्नाचा फोटो बहुधा असतोच. अशाच एका घरीं आठदहा वर्षांच्या एका मुलीनें आपल्या आजीस विचारलेला प्रश्न माझ्या कानीं पडला. "आजी, तुझी आई लग्नांत काळें लुगडें कां ग नेसली होती?" आजी म्हणाली, "काळें कसलें! लालभडक आहे तें. अजून पेटींत ठेवलें आहे." आणि तिनें खरोखरच पेटी उघडून तें लाल लुगडें नातीपुढें ठेवलें. नात एकदां लुगड्याकडे पाही, एकदां फोटोकडे पाही. दोहोंपैकीं खोटें कोण बोलत होतें?

श्रोतेहो, खोटें कोणीच बोलत नव्हतें. लुगडें लाल होतें, आणि ज्या फिल्मेवर तो फोटो घेतला होता तिला लाल रंग दिसतच नव्हता. लाल कापडावरून परावर्तित होणारा प्रकाश तिच्या लेखीं अंधारच होता. म्हणून तिनें त्या ठिकाणीं काळोखाची नोंद केली. आपल्याकडील जुन्या फोटोंत सुवासिनींच्या कपाळावरील कुंकू काळें दिसतें, त्याचेंहि कारण हेंच. प्रत्येक फिल्मेला स्वतःची अशी एक दृष्टि असे. त्या दृष्टींपैकीं बऱ्याच आज जगांतून नाहींशा झाल्या आहेत. त्या कोणत्या, त्यांत विशेष काय होतें आणि त्या गेल्यानें आपलें काय गेलें, याचा थोडा विचार आज करूं.

प्रथम फिल्म म्हणजे काय तें पाहूं. पारदर्शक पट्टीवर सरसाच्या जातीच्या शुद्ध जिलेटिनचा पातळ थर दिलेला असतो, आणि त्या थरांत चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाशाचा किरण एखाद्या स्फटिकावर पडला कीं त्यांतील चांदीचे अवघे चारपांच अणु मोकळे होतात. डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. परंतु चित्राचें बीज रुजलेलें असतें. पुढें फिल्म विकासक रसायनांत बुडविली म्हणजे त्या चारपांच अणूंच्या आधारानें अब्जावधि अणूंचा तो सबंध स्फटिक काळ्या चांदीचा होऊन बसतो. ज्या स्फटिकांस प्रकाश लागला नाहीं, ते हायपोच्या पाण्यांत धुऊन निघतात. म्हणजे आपल्या पणजोबांचा फोटो ही अक्षरशः चांदीनें काढलेली रांगोळी होय.

आतां चांदीच्या या क्षारांस जन्मतः फक्त निळा, जांभळा आणि त्यांपलीकडील अदृश्य प्रकाश कळतो. १८७३ सालीं हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, स्फटिकांस विशिष्ट रंगद्रव्याची पुटें दिलीं तर त्यांना हिरवा प्रकाशहि कळूं लागतो. या शोधांतून ज्या फिल्मा निघाल्या त्यांस ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. त्यांना निळें आणि हिरवें दिसे, लाल मात्र दिसत नसे. यांत छायाचित्रकाराची एक मोठी सोय होती. तांबड्या दिव्याच्या उजेडांत बसून फिल्म धुतां येई. चित्र कसें उमटत आहे हें डोळ्यांनीं पाहून ती योग्य क्षणीं बाहेर काढतां येई. पुढें सर्व रंग जाणणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक फिल्मा आल्या, तेव्हां ही सोय गेली आणि पूर्ण काळोखांत घड्याळाच्या भरंवशावर काम करणें भाग पडलें.

दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणि कोऱ्या फिल्मेच्या कडांस भोंकें पाडण्याचें यंत्र आणविलें. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या पडद्यावर आला, त्या काळच्या फिल्मा अशाच तांबड्याला आंधळ्या असत. तेव्हां पात्रांचे चेहरे रंगवितांना आणि वस्त्रें निवडतांना, डोळ्यांना काय दिसतें यापेक्षां फिल्मेला काय दिसेल याचा विचार अधिक करावा लागे.

रंगांची जाण हा फिल्मेच्या स्वभावाचा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे वेग आणि कण. स्फटिक मोठे असले तर फिल्म थोड्या उजेडांतहि चित्र टिपते. परंतु मोठ्या केलेल्या फोटोंत ते कण वाळूसारखे दिसूं लागतात. स्फटिक बारीक असले तर चित्र रेशमासारखें उतरतें, पण उजेड भरपूर लागतो. पूर्व जर्मनीतील वोल्फेन येथील कारखान्याच्या 'ओर्वो' फिल्मा आपल्याकडे पुष्कळ वर्षें मिळत. त्या देशाशीं आपला व्यापार रुपयांत चाले, त्यामुळें परकीय चलनाच्या टंचाईच्या काळांतहि हा माल येऊं शके. त्या फिल्मांच्या नांवांतच त्यांचा वेग सांगितलेला असे. एन.पी. २२ आणि एन.पी. २७ यांतील आंकडे जर्मन मापाचे होत. तो आंकडा तिनानें वाढला कीं वेग दुप्पट. पहिली दिवसाउजेडीं अंगणांत वापरावी आणि दुसरी मांडवांतील दिव्यांच्या प्रकाशांत, एवढें ज्ञान घरोघरच्या हौशी माणसांसहि असे.

तिसरा गुण सहनशीलतेचा. वसईच्या किल्ल्यांत भर दुपारीं उभे राहिलां तर याचा अर्थ चटकन कळेल. एकीकडे पडक्या चर्चच्या कमानींतून येणारें लख्ख ऊन आणि दुसरीकडे काळ्या पाषाणाच्या भिंतींची दाट सावली. दोहोंमधील अंतर इतकें असतें कीं, एक नीट उतरावें तर दुसरें बिघडतें. जुन्या पेटी-कॅमेऱ्यांत उजेड कमीजास्त करण्याचीं साधनें नाममात्र असत. तेव्हां तो दोष फिल्मेनें पोटांत घालावा लागे. कोडॅक कंपनीची 'व्हेरिक्रोम' ही फिल्म १९३१ सालीं निघाली. तिच्यावर एक तीव्र व एक मंद असे दोन थर दिलेले असत. एकास जें सोसलें नाहीं तें दुसरा संभाळून घेई. १९५६ सालीं तिचें सर्व रंग जाणणारें रूप आलें आणि २००२ सालीं तेंहि बंद झालें. आपल्याकडे बडोद्यास तयार होणाऱ्या 'आग्फा क्लिक थ्री' या साध्या कॅमेऱ्यानें एका फिल्मेवर बारा चौकोनी फोटो निघत. बाराच संधि असल्यामुळें माणसें फोटोपुढें अंमळ गंभीरपणें उभीं राहत, हेंहि त्या चित्रांतून आपल्याला वाचतां येतें.

स्वतंत्र भारतानेंहि स्वतःची फिल्म करून पाहिली. १९६० सालीं उटकमंड येथें हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. समुद्रसपाटीपासून सुमारें २,२०० मीटर उंचीवरील थंड व निर्मळ हवा हें तें स्थान निवडण्याचें कारण सहज समजण्यासारखें आहे. फिल्मेवर थर चढत असतां धुळीचा एक कण बसला तरी तेवढें चित्र कायमचें डागाळतें. तेथील फिल्मेचें नांव 'इंदु' होतें. इंदु म्हणजे चंद्र. आणि चंद्र व चांदी यांचें नातें कवींनीं पूर्वींच जोडून ठेवलेलें आहे. रोलफिल्म, फोटोचा कागद आणि इस्पितळांतील क्ष-किरणांच्या फिल्मा येथें तयार होत. नव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत हा कारखाना बंद झाला.

रंगीत फिल्मांत 'कोडाक्रोम'ची कथा सर्वांत वेगळी. ती १९३५ सालीं निघाली, आणि तिचे जनक, लिओपोल्ड मान्स व लिओपोल्ड गोडोव्स्की, हे दोघेहि व्यवसायानें संगीतकार होते. इतर रंगीत फिल्मांत रंग निर्माण करणारीं द्रव्यें फिल्मेच्या थरांतच घातलेलीं असतात. कोडाक्रोममध्यें तीं नसत. ती मुळांत एकावर एक चढविलेली तीन थरांची काळी-पांढरी फिल्मच असे, आणि रंग तिला धुण्याच्या वेळीं, एकेका थरास निराळे, बाहेरून दिले जात. यामुळें तिचे थर पातळ राहून चित्र विलक्षण रेखीव येई, आणि अंधारांत जपून ठेविलें असतां तिचे रंग अनेक दशकें जसेच्या तसे राहत. परंतु हाच गुण तिला घातक ठरला. तें धुण्याचें काम इतकें किचकट होतें कीं मोठ्या यंत्रशाळेवांचून तें साधत नसे. २००९ सालीं तिचें उत्पादन संपलें. कारखान्यांतून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराच्या हातीं देण्यांत आला. त्या छत्तीस चित्रांपैकीं कांहीं त्यानें आपल्या मुंबईंत घेतलीं. २०१० सालच्या डिसेंबरअखेर अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांतील शेवटच्या प्रयोगशाळेनेंहि हें काम थांबविलें. आज कोणाच्या कपाटांत न धुतलेला कोडाक्रोमचा रोल निघाला, तर त्यांतून काळें-पांढरें चित्र कदाचित् मिळेल, त्याचे रंग मात्र मिळणार नाहींत.

आणखी एका फिल्मेचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. कोडॅकचीच अवरक्त किरणांची फिल्म २००७ सालीं बंद झाली. हिरवीं पानें आपल्याला न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणांत परत फेकतात, म्हणून या फिल्मेवर झाडें पांढरीं शुभ्र उमटत आणि आकाश काळेभोर. वसईच्या केळींच्या बागा तिनें पाहिल्या असत्या, तर त्यांवर हिम पडल्याचा भास झाला असता.

येथें कोणी विचारील कीं, कृति ठाऊक असतां या फिल्मा पुन्हा कां करतां येऊं नयेत? अडचण कृतींत नाहीं, प्रमाणांत आहे. फिल्मेवर थर चढविणारें यंत्र मीटरभराहून रुंद आणि कित्येक शें मीटर लांब पट्टा एका दमांत तयार करतें. घरचें लोणचें बरणीभर घालतां येतें तशी फिल्म चार रोलांपुरती करतां येत नाहीं. मागणी एका मर्यादेखालीं गेली कीं तयार झालेला माल मुदत टळून वायां जातो. शिवाय तिला लागणारीं विशिष्ट रसायनें करणारे दुसरेच कारखाने असतात. ते बंद झाले म्हणजे कृतीचा कागद हातांत असूनहि उपयोग नसतो. कोडॅकनें 'एक्टाक्रोम' ही २०१२ सालीं थांबविलेली फिल्म परत आणण्याचें २०१७ च्या आरंभीं जाहीर केलें. ती प्रत्यक्ष बाजारांत यावयास २०१८ चा उत्तरार्ध उजाडला. आणि ज्या फिल्मारहित कॅमेऱ्यानें ही मागणी आटविली, त्याचा पहिला नमुना १९७५ सालीं कोडॅकच्याच एका अभियंत्यानें, स्टीव्हन सॅसन यानें, बनविला होता, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

आजच्या कॅमेऱ्यांस नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. अंधारांत, घाईंत, विनाखर्च चित्र घेण्यांत ते जुन्या फिल्मांहून कितीतरी सरस आहेत. कांहीं जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्मा अजूनहि निघतात. तेव्हां नव्या फिल्मा मिळत नाहींत यांत मला मोठी हानि वाटत नाहीं. खरी हानि आहे ती धुऊन झालेल्या, पण आज पेट्यांतून पडून असलेल्या निगेटिव्हांची.

१९५० च्या सुमारापर्यंत सिनेमाच्या फिल्मांची पट्टी नायट्रेटची असे, आणि ती अत्यंत ज्वालाग्राही असते. २००३ सालच्या जानेवारींत पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत अशाच फिल्मांच्या सांठ्यास आग लागली आणि प्रभातसारख्या संस्थांच्या जुन्या चित्रपटांच्या प्रती भस्म झाल्या. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला हिंदी बोलपट, आज कोठेंच उपलब्ध नाहीं. घरगुती निगेटिव्ह बहुधा अ‍ॅसिटेटच्या असतात. त्या पेट घेत नाहींत. त्या सावकाश कुजतात. हवेंतील दमटपणानें पट्टीचें विघटन होऊन अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे शिरक्यांतील आम्ल, सुटूं लागतें, आणि तें आम्लच पुढील विघटनास वेग देतें. जिलेटिन हें तर बुरशीचें आवडतें खाद्य. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस खाडी असलेल्या आमच्या वसईंत, चार महिन्यांच्या पावसाळ्यांत, या दोन्ही शत्रूंना आमंत्रणाची गरज पडत नाहीं.

म्हणून एवढें अवश्य करावें. येत्या कोरड्या दिवसांत जुनी पेटी उघडा. शिरक्याचा वास आला तर त्या निगेटिव्ह ताबडतोब इतरांपासून वेगळ्या करा. बाकीच्या घट्ट डब्यांत किंवा प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंडूं नका. साध्या, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत एकेक ठेवा, आणि घरांतील सर्वांत थंड व कोरड्या जागीं हलवा. हात लावतांना फक्त कडांना लावा. पाठीमागून एकसारखा पांढरा उजेड देऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यानें त्यांचीं चित्रें घेतां येतात. तीं नांवासाठीं तरी पुरेशीं होतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घरांतील वृद्ध माणसांस जवळ बसवून त्या चित्रांत कोण कोण आहे हें विचारा व पाकिटावर पेन्सिलीनें लिहून ठेवा.

कारण फिल्मेला जें दिसलें नाहीं, तें सांगणारें माणूस अजून घरांत असतें. त्या मुलीच्या पणजीचें लुगडें लाल होतें, हें फोटोनें सांगितलें नाहीं, आजीनें सांगितलें. मीं त्या घरांतून निघालों तेव्हां नात तसबिरीच्या पाठीमागें पेन्सिलीनें एक ओळ लिहीत होती: "लुगडें लाल आहे."